न प्यालेली दारू

बिरोबाच्या देवळापुढं, सगळ्या गावासमोर, माझ्या बायकोला माझं तोंड हुंगायला लावलं.

लावणारा आमच्या सोसायटीचा चेअरमन. पांढरे कपडे, गळ्यात साखळी. देवळाच्या कमिटीचा अध्यक्षही तोच. त्याच्या घरातलं कुणी कधी मेंढरामागं गेलं नाही, पण आम्हा धनगरांच्या बिरोबाची कमिटी त्याच्याकडं. का, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

यात्रेचा दिवस होता. पालखीचा पुढचा उजवा खांदा आमच्या घराचा. आज्याचा होता, बापाचा होता, मग माझा झाला. देवळाला पाच फेरे. दुसऱ्या फेऱ्याला वळताना माझी मान फिरली आणि अख्खं देऊळ माझ्याभोवती फिरलं. मी झुकलो, पालखी माझ्याबरोबर झुकली. देवाचा मुखवटा घसरून खाली मातीत पडला.

मी गुडघ्यावर आलो. चेअरमन तरातरा आला. मुखवटा उचलायला नाही. त्यानं बायकांच्या घोळक्याकडं बोट केलं.

"ए दत्तूची आई, हिकडं ये. हुंग ह्याचं तोंड आन् सांग समद्यांना."

ती आली. पदर दातात धरून आली. वाकली, माझ्या तोंडाला नाक लावलं. तीस वर्षांच्या संसारात चार माणसांत आम्ही एकमेकांकडं नीट बघितलंही नव्हतं.

"न्हाई येत वास," ती म्हणाली.

"इलायची खाल्ली आसंल," चेअरमन म्हणाला. "आजकाल लय हुशार झाल्यात हे."

गाव हसलं. यात्रेला आलेले पाव्हणे हसले. देव मातीत पडलेला आणि ह्यांना हसू.

हे का झालं ते सांगतो. मी तिसरी शिकलेला माणूस. अक्षर वाकडं येतं, ओळ खाली उतरते. ती माझ्या चक्करीमुळं उतरत नाही, मास्तरामुळं उतरते.

आमचं गाव भीमेच्या काठचं, शिरूर आणि दौंडाच्या मधलं. बापाची मेंढरं होती. माझ्या वेळेला चराई राहिली नाही, जिकडं बघावं तिकडं ऊस. मी विहिरी फोडायच्या कामाला लागलो. खडकात भोकं पाडायची, कांड्या भरायच्या, वात पेटवायची, लांब पळायचं. सुरुंगाला आम्ही बार म्हणतो. वीस वर्षं मी बार उडवले. त्या कामात दारू चालत नाही. पिणारा माणूस एक साल टिकत नाही. मी वीस सालं टिकलो, एवढी साधी गोष्ट गावातल्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आली नाही.

बार मोजायचे असतात. सात भरले तर सात आवाज ऐकायचे. सहाच ऐकू आले तर विहिरीकडं पाठ करून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी बघायचं. ह्याला सूट नाही.

नव्वदच्या पुढची गोष्ट आहे, रांजणगावला कंपन्या यायला लागल्या होत्या. विहीर चेअरमनची. लेकीच्या लग्नाच्या आत त्याला पाणी लागायला पाहिजे होतं. त्या दिवशी मी सात भरले. सहा मोजले.

चेअरमन सोयऱ्यांना घेऊन बांधावर उभा होता.

"ए, झालं सात. चल, मलबा काढायला लाग."

"सहाच झालं, चेअरमन. आज जायचं न्हाई."

"दोन एकदम उडालं. आन् तू मोजायला साळंत गेलावतास का?"

सोयरे खदखदले. मला राग आला. रागात मी विहिरीकडं चालायला लागलो. हा माझा गुन्हा. तेवढा मी कबूल करतो, दुसरा कुठलाही करत नाही.

काठ चार पावलांवर राहिला आणि सातवा उडाला.

दगड डोक्यावरून गेले. एकही लागला नाही. लागली ती हवा. हवेची भिंत अंगावर येते म्हणजे काय, हे ज्याच्या अंगावर आली त्यालाच ठाऊक. मी मुरमाच्या ढिगावर जाऊन पडलो. किती वेळ ते माहीत नाही. उठलो तेव्हा कानात शिट्टी वाजत होती. पोटातलं सगळं बाहेर आलं. सरळ निघालो आणि तिरका जाऊन बाभळीला धडकलो. चेअरमनचं तोंड हलताना दिसत होतं. शब्द ऐकू येत नव्हता.

त्यानं मला स्वतःच्या जीपमधून दौंडला एका डॉक्टरकडं नेलं. गाव म्हणालं, बघा, केवढ्या मनाचा माणूस. मीही म्हणालो. डॉक्टर माझ्याकडं बघत होता आणि बोलत होता चेअरमनशी. डोक्याचा फोटो काढला. फोटोत काही नाही. इंग्रजीत एक कागद लिहून दिला. तो मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. आजाराचा पुरावा म्हणून.

अंगावर ओरखडा नव्हता. हेच वाईट झालं. एक बोट तुटलं असतं तर गावानं माझी कीव केली असती. लोकांना तुटलेलं दिसतं, हललेलं दिसत नाही.

खाटेवरून उठलो की घर फिरायचं. उजव्या कुशीला वळलो की पुन्हा फिरायचं. तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की मी मोरीत पडायचो. बांधावरून चालता येईना. गर्दीत गेलो, बेंजो वाजायला लागला की डोकं ठणकायचं आणि पाय आपापल्या वाटेनं जायचे. विहिरीचं काम सुटलं. काठावर उभं राहायची सोय उरली नाही.

बायको तेवढी शेळ्या आणि दुसऱ्याचं खुरपण करून घर ओढत होती. मला गाव झुल्या म्हणायला लागलं. शिरूरला वडापच्या जीपला हात केला तर ड्रायव्हर म्हणाला, "आबा, आदी उतरू द्या, मग चढा." सगळी जीप हसली. मी खिशातला कागद काढून त्याला दाखवला. त्यानं वाचला, माझ्याकडं बघितलं आणि गाडी चालू केली.

असा तो कागद मी तीन वर्षं दाखवत हिंडलो. सोयऱ्यांना दाखवला. शाळेच्या गुरुजींना दाखवला. ज्याला वाचता येत होतं तो कागद बघायचा आणि नजर खाली घालायचा. मला वाटायचं, माणसाला दया आली.

आता देवळापुढचं पुढचं सांगतो.

लोक हसत होते तेव्हा मी गुडघ्यावरूनच म्हणालो, "चेअरमन, माझ्यापाशी डाक्टरचा कागद हाय." आणि तो काढून त्याच्या हातात दिला. माझ्या हातानं दिला.

त्यानं चष्मा लावला. वाचला. मग सगळ्यांकडं वळून कागद वर धरला.

"ऐका. ह्याच्याच कागदावर लिवलंय. अल्कोहोल. म्हंजी दारू. डाक्टर खोटं लिवंल व्हय?"

बायकोनं कागदाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. चेअरमनचं हसणं मी विसरेन, ते बघणं विसरणार नाही.

"आता उचल भंडारा," चेअरमन म्हणाला. "म्हण, आजपासनं सोडली. देव बी माफ करंल, गाव बी माफ करंल."

मी भंडाऱ्याला हात लावला नाही. बायको माझ्या कानाशी वाकली. "उचला की वो. मिटवा."

मी भंडारा उचलला. "सोडली," म्हणालो. जी कधी धरली नव्हती ती सोडली. लोकांनी बिरोबाच्या नावानं चांगभलं केलं. चेअरमननं माझ्या कपाळाला भंडारा फासला, जसं काय मला त्यानंच माणसात आणलं.

माझ्यासारखा अडाणी मीच. सोडली म्हणालो म्हणजे पीत होतो, हे मी माझ्या तोंडानं देवासमोर कबूल करून बसलो. त्यानंतर चक्कर आली की लोक म्हणायचे, "शपथ मोडली." आधी नुसता दारुडा होतो. आता देवाला फसवणारा दारुडा झालो. पालखीचा खांदा चुलतभावाला दिला. त्यानं तो घेतला. तो दर बाजाराला पिऊन येतो. त्याचा पाय कधी वाकडा पडत नाही, मग त्याची दारू कुणाला दिसणार?

दत्तू, माझा मुलगा, रांजणगावला एका कंपनीत लागला. तिथं कुणीतरी सांगितलं म्हणून तो आम्हा दोघांना पुण्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी मला पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला लावले. मी पडलो, त्यांनी धरलं. खाटेवर झटकन आडवं करून मान वळवली आणि माझे डोळे बघत बसल्या. खोली गरगर फिरत होती आणि त्या म्हणत होत्या, "दिसतंय मला, आजोबा. दिसतंय." चार वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी दिसलं.

मग त्यांनी तो कागद उलगडला.

"दारू किती वर्षं घेता?"

"म्या कदीच घेतली न्हाई."

"इथं लिहिलंय, तुम्हीच सांगितलंत म्हणून."

"मला त्या दिवशी ऐकाया येत नव्हतं, बाई. त्यांनी मला काय इचारलंच न्हाई."

"मग सांगितलं कुणी?"

  बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तीच बोलली.

"चेअरमन व्हते संगं."

ते तीन शब्द ऐकले आणि माझ्या डोक्यातलं सगळं एका जागी आलं. न उडालेल्या बारावर मी कुणाच्या सांगण्यावरून गेलो, हे कुणी विचारू नये म्हणून माझी दारू जन्माला आली. डॉक्टरला त्यानं सांगितली. कागदावर त्यानं घालायला लावली. देवळापुढं चष्मा लावून त्यानंच वाचून दाखवली. आणि ह्या सगळ्यात तो कागद सांभाळायचं, उन्हापावसात छातीशी धरून हिंडायचं काम माझं. असला बिनपगारी गडी त्याला दुसरा कुठं मिळाला असता?

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. बाराच्या हवेनं मेंदूला दणका बसतो, वरून खरचटत नाही, फोटोतही दिसत नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारं काहीतरी असतं, तेही बिघडतं. सगळं बरं होणार नाही, पण रोज सराव केला तर बरंच चालता येईल. अंगठा डोळ्यापुढं धरून मान हलवायची. पाय जुळवून उभं राहायचं. सरळ रेषेत चालायचं.

परत येताना एस्टीत बायको खिडकीकडं बघत म्हणाली, "म्या बी हुंगायची वो तुमचं तोंड. दुपारचा तुमचा डोळा लागला की."

"ठावं हाय," मी म्हणालो. "मी जागाच आसायचो."

केडगाव चौफुल्याला तिनं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मिटवा म्हणले, ते चुकलं माझं. आता कुनी म्हणलं तरी मिटवू नका."

दोन वर्षं तिनं माझा सराव घेतला. अंगणात मी अंगठ्याकडं बघत मान हलवतोय आणि रस्त्यानं जाणारे म्हणतायत, झुल्याच्या दारू आता डोक्यात गेली. ती समोर हात पुढं करून उभी राहायची, पण धरायची नाही. "पडा आदी," म्हणायची. "पडल्याबिगर कसं धरू?" दोन शेळ्यांच्या मधून मला सरळ जायला लावायची आणि शेळ्या वैतागून निघून गेल्या की हसत बसायची. काठी घेऊन का होईना, मी रानापर्यंत जायला लागलो.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. तीन महिन्यांत गेली. मी तिला कधी धरून चाललो नाही. तिचं सगळं धरणं माझ्यासाठीच खर्ची पडलं.

दहावा भीमेच्या घाटावर झाला. आमच्याकडं दहाव्याला पुढाऱ्यांनी भाषण करायची रीत आहे. मेलेलं माणूस ओळखीचं असावं लागत नाही. माईक असावा लागतो. चेअरमन मोठ्या गाडीतून आला. त्या सकाळचा त्याचा तो दुसरा दहावा होता.

"ह्या माऊलीनं व्यसनी नवऱ्याचा संसार केला," तो माईकवर म्हणाला. "पदर पसरला, उपास केले, पण नवऱ्याची दारू सोडवली. आज आपले आबा दोन पायांवर उभे हायेत ते तिच्या पुण्याईनं."

माईक होता म्हणून मी आबा. विहिरीवर मी 'ए' होतो. बायका डोळे पुसायला लागल्या. माझी बायको मेली तरी ह्याला पुरली नव्हती. तिच्या तोंडूनही आता हा माझी दारू वदवून घेत होता.

पिंड ठेवला. कावळे समोरच्या उंबरावर बसले होते. एकही खाली येईना. मेव्हणा म्हणाला, "अक्का, तुझ्या शेळ्या इकनार न्हाई." नाही आला. दत्तू म्हणाला, "आई, ताईला दिवाळीला आणीन." नाही आला. ऊन तापलं. तिकडं आमटीचं आधण उकळत होतं आणि माणसं पिंडापेक्षा तिकडंच जास्त बघत होती.

चेअरमननं घड्याळ बघितलं.

"आबा, जीव कशात आडकलाय ते समद्या गावाला ठावं हाय. हात जोडा आन् म्हणा, पुन्यांदा दारूला शिवणार न्हाई. बघा, लगीच शिवतो का न्हाई."

"दाजी, म्हणा की," मेव्हणा म्हणाला. "माझ्या भयनीसाठी म्हणा."

"आबा, म्हणून टाका," दत्तूही म्हणाला. ज्यानं पुण्याला नेलं, ज्यानं कानानं सगळं ऐकलं, तोही म्हणाला. "लोकं खोळंबल्यात."

सगळा घाट माझ्या तोंडाकडं बघत होता.  ती खरंच अडकली असली तर? एक शब्द तर द्यायचा होता. एकदा देवासमोर दिलाच होता. पण ह्या वेळेला दिला असता तर तो तिच्या पिंडावर ठेवला गेला असता, आणि ती कायमची दारुड्याची बायको म्हणून गेली असती. मिटवू नका म्हणाली होती ती.

मी माईककडं निघालो. नदीतले गोटे पायाखाली हलत होते, मी झुलत गेलो. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, आज बी." म्हणणाऱ्याचं तोंड बघायला मी मान वळवली नाही. वळवली असती तर पडलो असतो, आणि त्या तोंडासाठी पडायची माझी तयारी नव्हती.

माईक धरला. माझं बोट चेअरमनकडं होतं.

"म्या जल्मात दारू पेलो न्हाई. ह्याच्या हिरीवर बार व्हायचा राहिला व्हता. म्या सहा मोजले, ह्यो सात म्हणला. मला ऐकाया येत नव्हतं तवा ह्यानं डाक्टरला माझी दारू सांगितली. माझ्या बायकूनं माझी दारू सोडवली न्हाई. तिनं मला चालाया शिकिवलं. शबूद द्यायचाच आसंल तर चेअरमन, तू दे. कावळ्याला म्हण, म्या खोटं बोललो. बघू शिवतो का."

 आता सगळे त्याच्या तोंडाकडं बघायला लागले. एवढा बोलका माणूस, दिवसाला दोन दहावे करणारा, त्यानं माईककडं हातही केला नाही. मग तोंड वाकडं करून म्हणाला, "दुखात माणूस कायबी बोलतो. चालायचंच." आणि गाडीत जाऊन बसला. काच वर केली.

कावळा शिवला नाही. त्यानं शब्द दिला नाही, मी दिला नाही, कावळ्यानंही कुणाची भीड ठेवली नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. लोक पोटभर जेवले. पत्रावळी उचलताना दोघंजण बोलत होते, म्हातारा बायकोच्या दहाव्यालाही पिऊन आला. अशा माणसांना मी काय समजावू? त्यांना समजलं नाही असं नाही. समजलं तर चेअरमनच्या गाडीला हात कसा करणार?

त्याला आता पाच महिने झाले. ह्या पाच महिन्यांत मी आसपासच्या गावांतले अकरा दहावे केले. कुणाचे, मला माहीत नाही. चेअरमन बोलणार आहे एवढं कळलं की सकाळी काठी घेऊन निघतो. पहिल्या रांगेत बसतो. त्यानं माईक हातात घेतला की उभा राहतो. काही बोलत नाही. पाय जुळवतो आणि त्याच्याकडं बघत उभा राहतो. झुलतो. लोक 'खाली बसा' म्हणतात, मी बसत नाही. त्याचं भाषण पहिल्यासारखं लांब होत नाही. परवा राहू गावात तर त्यानं मयताचं नाव चुकवलं.

दत्तू म्हणतो, आबा, सोडून द्या. मी सोडणार नाही. मला अजून चक्कर येते, मी अजून पडतो. पडलो तर उठून पुन्हा उभा राहीन, त्याच्या समोरच. तो माईकवर खरं बोलेपर्यंत, नाहीतर माईक धरायचा बंद होईपर्यंत.